डन्जन्स अँड ड्रॅगन्समधील अन्यलोकीय जीव

अन्यलोकीय जीव ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अमेरिकी भूमिकाखेळातील काल्पनिक जीवांची एक मोठी कोटी आहे. या खेळाच्या विश्वरचनेत मनुष्य, पशू व वनस्पती यांच्या भूलोकाखेरीज इतर अनेक लोक कल्पिलेले आहेत. त्यांपैकी एखाद्या लोकाच्या द्रव्यातून ज्याची घडण झाली, तो जीव अन्यलोकीय समजला जातो. इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत या कोटीला ‘आउटसायडर’ असे औपचारिक नाव मिळाले. प्रत्यक्ष जीव मात्र १९७० च्या दशकापासूनच खेळात वावरत होते. डीमन, डेव्हिल, देवदूत, मोड्रॉन, स्लाड, जिन आणि भारतीय वाचकाला नावाने तरी परिचित असलेले देव व राक्षस ही त्यांतील ठळक कुळे होत.

विचित्र रूप हे या जीवांचे एक अंग झाले. त्यांना इतर प्राण्यांपासून वेगळे काढणारी गोष्ट त्यांच्या स्वभावाशी निगडित आहे. भूलोकीचा मनुष्य आपल्या कर्माने सज्जन किंवा दुर्जन ठरतो. अन्यलोकीय जीव हा सौजन्याचा किंवा दुष्टतेचाच घडलेला असतो, अशी या कल्पनेमागील मूळ धारणा आहे. असा जीव आपल्या घडणीविरुद्ध वागू शकतो काय, हा प्रश्न खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत पुन्हा पुन्हा उपस्थित झाला असून त्याची उत्तरेही वेगवेगळी दिली गेली आहेत.

पार्श्वभूमी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथील टॅक्टिकल स्टडीज रूल्स या प्रकाशनसंस्थेने तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ही संस्था पुढे टीएसआर या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. तो प्रसंग वर्णन करतो, इतर खेळाडू आपापले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे यशापयश अनिश्चित असेल तिथे फासे टाकून निर्णय होतो. कीर्तनकाराने आख्यान मध्येच थांबवून ‘आता पुढे काय करायचे, तुम्हीच सांगा’ असे श्रोत्यांना विचारावे, तसा काहीसा हा प्रकार आहे.

प्रत्येक पात्राला व प्रत्येक जीवाला या खेळात एक नैतिक कल दिलेला असतो. १९७४ च्या मूळ नियमांत सुव्यवस्था, तटस्थता व स्वैरता असे तीनच कल होते. सुव्यवस्था आणि स्वैरता यांच्या विश्वव्यापी संघर्षाची ही कल्पना पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात गायगॅक्स यांनी तिला सुष्ट आणि दुष्ट असा दुसरा अक्ष जोडला. दोन अक्षांच्या संयोगातून पुढे नऊ कल सिद्ध झाले. एखादा जीव सुव्यवस्थेचा कट्टर उपासक असूनही दुष्ट असू शकतो आणि पूर्ण स्वैर असूनही सज्जन असू शकतो, हे या मांडणीमुळे शक्य झाले. अन्यलोकीय जीवांची पुढील सारी वंशावळ याच दोन अक्षांवर उभी आहे.

लोकरचना

गायगॅक्स यांनी या विश्वाचा पहिला आराखडा जुलै १९७७ मध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या आठव्या अंकात मांडला आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या ग्रंथात तो परिशिष्टरूपाने समाविष्ट झाला. या रचनेला पुढे ‘महाचक्र’ या अर्थाचे ग्रेट व्हील हे नाव रूढ झाले. मध्यभागी भूलोक, त्याच्याभोवती अग्नी, जल, वायू व पृथ्वी या तत्त्वांचे अंतर्लोक, त्यांना जोडणारे ईथरीय व सूक्ष्म असे दोन संधिलोक, आणि सर्वांत बाहेर, चक्राच्या परिघावर, सोळा बाह्यलोक. या सोळा लोकांपैकी प्रत्येकाला एक नैतिक कल किंवा दोन कलांमधली एखादी छटा नेमून दिलेली आहे. परिघावरून चालत जाणारा प्रवासी पावलापावलाने एका नीतीतून दुसऱ्या नीतीत जातो.

पुराणांतील चतुर्दश भुवनांशी या रचनेची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु साम्य वरवरचे आहे. पुराणातले लोक एकावर एक रचलेले आहेत. खाली पाताळ आणि वर सत्यलोक अशी त्यांची चढण आहे. महाचक्रात वर-खाली असे काही नाही. नरक आणि स्वर्ग तेथे एकाच परिघावरचे शेजारी आहेत, आणि विश्वाचा तोल राखायला दोन्ही सारखेच आवश्यक आहेत असे तेथील तटस्थ पंथीय मानतात.

बाह्यलोकांची आरंभीची नावे जगातील धर्मांतून व पुराणकथांतून सरळ उचललेली होती: ऑलिंपस, हेडीस, टार्टरस, गेहेन्ना, सप्तस्वर्ग. यांतले सर्वांत चमत्कारिक उदाहरण निर्वाणाचे होय. निखळ सुव्यवस्थेच्या लोकाला गायगॅक्स यांनी ‘निर्वाण’ हे नाव दिले आणि कालांतराने त्या लोकाचे चित्र एकमेकांत अडकून अविरत फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या प्रचंड यंत्रासारखे रंगवले गेले. तृष्णेच्या उपशमाला दिलेले हे नाव कधीही न थांबणाऱ्या घड्याळाला चिकटावे, यातला विरोध बौद्ध विचाराची तोंडओळख असलेल्यालाही जाणवेल. १९९४ मध्ये या लोकाचे नाव बदलून मेकॅनस करण्यात आले.

जेफ ग्रब यांच्या ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ या १९८७ च्या ग्रंथाने सर्व लोकांचे पहिले सविस्तर वर्णन दिले. त्यानंतर १९९४ मध्ये डेव्हिड कुक यांनी रचलेली ‘प्लेनस्केप’ ही मालिका आली. तिने चक्राच्या मध्यभागी सिजिल नावाचे वलयाकार नगर वसवले. त्या नगरातल्या कोणत्याही कमानीतून किंवा चौकटीतून, योग्य ती किल्ली जवळ असल्यास, परलोकी जाता येते. तेथे डीमन व देवदूत एकाच पानगृहात शेजारी बसलेले आढळतात. तोवर अन्यलोकीय जीव हे प्रामुख्याने मारायचे शत्रू होते. प्लेनस्केपने त्यांना नागरिक केले. टोनी डिटर्लिझी यांच्या रेखाचित्रांचा या बदलात मोठा वाटा आहे.

घडण व नियम

तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ मधील सुधारित पाठात अन्यलोकीय जीवाची व्याख्या विशेष काटेकोर झाली. मनुष्यादी प्राण्यांत देह आणि आत्मा अशी दोन भिन्न तत्त्वे असतात. अन्यलोकीय जीवात हे द्वैत नसते, त्याचा देह हाच त्याचा आत्मा. त्यामुळे तो मेल्यावर मुक्त होणारा असा आत्मा मागे उरत नाही आणि मृताला उठवणारे साधे मंत्र त्याच्यावर चालत नाहीत; त्यासाठी फार वरच्या कोटीचे मंत्र लागतात. त्याला अन्नाची वा झोपेची गरज नसते, मात्र इच्छा झाल्यास तो जेवू व झोपू शकतो. काळोखात साठ फुटांपर्यंत त्याला दिसते. भूलोकी जन्मलेल्या परंतु अन्यलोकीय रक्ताच्या जीवांसाठी ‘स्थानिक’ अशी उपकोटी करण्यात आली. त्यांना मात्र खावे, प्यावे व झोपावे लागते, आणि त्यांना सामान्य प्राण्यांप्रमाणे पुन्हा जिवंतही करता येते.

हा अद्वैताचा नियम केवळ तांत्रिक वाटला, तरी खेळाच्या मेजावर त्याचा परिणाम गंभीर होतो. मनुष्यपात्राला मृत्यूनंतर परलोक आहे. परलोकातच राहणाऱ्याला पुढे कोठलाच लोक नाही. अमर म्हणवला जाणारा देवदूत रणात पडला, तर त्याचे मरण माणसाच्या मरणापेक्षा अधिक पूर्ण असते. मुरलेले सूत्रधार या गोष्टीचा कथेत उपयोग करून घेतात.

दुष्ट जीवांना मात्र अनेक आवृत्त्यांत एक पळवाट ठेवलेली आहे. डीमन किंवा डेव्हिल परक्या लोकात मारला गेला तर तो नष्ट न होता आपल्या मूळ लोकी परततो. त्याचा कायमचा अंत करायचा तर त्याच्या घरी जाऊनच करावा लागतो. अशा जीवांना मंत्राने बोलावणे, मंडल आखून बांधून ठेवणे आणि खऱ्या नावाच्या ज्ञानाने वश करणे हे प्रकार युरोपातील जुन्या मंत्रतंत्राच्या ग्रंथांवरून घेतलेले आहेत.

डीमन, डेव्हिल व रक्तयुद्ध

मराठीत डीमन आणि डेव्हिल या दोहोंना सैतान किंवा राक्षस म्हणून वेळ मारून नेता येते. या खेळात तसे करता येत नाही. दोन्ही दुष्टच, पण डीमन स्वैर आणि डेव्हिल सुव्यवस्थित. त्यांच्यात आपसांत जितके वैर आहे तितके त्यांचे देवदूतांशीही नाही.

डीमनांचा लोक म्हणजे अ‍ॅबिस, अर्थात अथांग विवर. त्याचे थर परंपरेने ६६६ सांगितले जातात, तर काही ग्रंथ ते अनंत असल्याचे म्हणतात. १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीग्रंथात डीमनांचे सहा प्रकार व ऑर्कस, डेमोगॉर्गन हे दोन अधिपती प्रथम आले. सहाव्या प्रकारचा, ज्वालांनी वेढलेला व चाबूक बाळगणारा डीमन म्हणजे टोल्किन यांच्या साहित्यातला बॅलरॉग होता. हक्कधारकांच्या आक्षेपानंतर ते नाव वगळून ‘बेलॉर’ हे नाव रूढ करण्यात आले. पाचवा प्रकार मारिलिथ हा सहा हातांचा व कमरेखाली सर्पाकार आहे. देवीच्या मूर्ती आणि नागकन्यांची शिल्पे पाहत वाढलेल्या वाचकाला ही आकृती अनोळखी वाटणार नाही. तिच्यामागील अर्थ मात्र पूर्णपणे निराळा आहे.

डेमोगॉर्गन या नावाची हकिगत भाषेच्या अभ्यासकाला रंजक वाटेल. हे कोणत्याही प्राचीन दैवताचे नाव नाही. एका लॅटिन काव्यावरील जुन्या टीकेत ‘विश्वकर्ता’ या अर्थाचा ग्रीक शब्द नकलून घेताना लेखनिकाच्या हातून बिघडला आणि त्यातून हे नाव जन्मले, असे मानले जाते. लेखनिकाच्या प्रमादातून उत्पन्न झालेले हे दैवत पुढे बोकाचिओपर्यंत पोहोचले, डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये त्याला माकडाची दोन मस्तके मिळाली, आणि २०१६ पासून ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या दूरचित्र मालिकेमुळे ते जगभरच्या प्रेक्षकांच्या तोंडी बसले.

डेव्हिल हे नऊ थरांच्या नरकात राहतात. अ‍ॅव्हर्नस हा पहिला थर आणि नेसस हा नववा. तेथे अ‍ॅस्मोडियस राज्य करतो. डेव्हिलांचे शस्त्र म्हणजे करारपत्र. मर्त्य मनुष्याकडून त्याचा आत्मा लिहून घ्यायचा, करारातील प्रत्येक अक्षर पाळायचे आणि त्या अक्षरांच्या फटीतच त्याला बुडवायचे, ही त्यांची रीत. नरकात दाखल झालेला आत्मा प्रथम लेम्युर नावाचा बुद्धिहीन मांसगोळा होतो आणि तेथून पदोन्नतीच्या पायऱ्या चढत, पुरेशी नीच कर्तबगारी दाखवल्यास, पिट फीन्ड या सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोहोचू शकतो. कचेरीतील बढती-बदलीचे जग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा नरक समजायला टीकाग्रंथाची गरज पडू नये.

या दोन कुळांतील अखंड संग्रामाला ‘रक्तयुद्ध’ म्हणतात. १९९१ पासून ते या विश्वाचे मध्यवर्ती सूत्र झाले आहे. तिसरे दुष्ट कुळ युगोलॉथांचे. ते दोन्ही पक्षांना भाडोत्री सैन्य पुरवते आणि कोणताही पक्ष निर्णायकपणे जिंकू नये याची काळजी घेते. देवदूतांच्या दृष्टीने हे युद्ध चालू राहणेच हिताचे, कारण दुष्ट शक्ती एकत्र आल्या तर त्यांना आवरणे कठीण. सज्जनांनी एका भयंकर युद्धाच्या समाप्तीची इच्छा करू नये, असा हा पेच आहे आणि प्लेनस्केपमधील चांगली कथानके त्याच्याभोवती रचलेली आहेत.

स्वर्गीय कुळे

सुष्ट जीवांकडे लेखकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. याचे कारण उघड आहे. खेळाडूंना लढण्यासाठी शत्रू हवे असतात. १९८३ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल २’ या ग्रंथात देव, प्लॅनेटार व सोलार या देवदूतांच्या चढत्या श्रेणी आल्या. सोलार सर्वांत श्रेष्ठ. पाचव्या आवृत्तीनुसार असे केवळ २४ जीव ज्ञात आहेत. यांखेरीज सप्तस्वर्गातील आर्कन, पशुमुखी गार्डिनल आणि स्वैर पण सज्जन असे एलाड्रिन ही कुळे आहेत. कंदिलाच्या ज्योतीसारखा दिसणारा कंदील-आर्कन हा त्यांतील सर्वांत धाकटा; पुण्यवान मनुष्याचा आत्मा प्रथम या रूपात स्वर्गात उगवतो.

मोड्रॉन, स्लाड व गिथयांकी

सुष्ट-दुष्टाच्या पलीकडे केवळ सुव्यवस्थेचे जीव म्हणजे मोड्रॉन. गोल, घन, त्रिकोणी सूची अशा भौमितिक आकारांना हातपाय फुटावेत तसे ते दिसतात. त्यांचा अधिपती प्रायमस. खालच्या मोड्रॉनला आपल्या लगतच्या वरिष्ठापलीकडे कोणी असू शकेल याची कल्पनाच नसते. एखादा मेला की खालच्या श्रेणीतील एकाला बढती मिळून रिकामी जागा तत्काळ भरली जाते. दर २८९ वर्षांनी, म्हणजे सतराचा वर्ग होईल इतक्या काळाने, त्यांची एक प्रचंड दिंडी सर्व बाह्यलोकांची परिक्रमा करते. १९९७ मधील ‘द ग्रेट मोड्रॉन मार्च’ या साहसकथेत ही दिंडी अवेळी निघते आणि त्यामुळे सारे विश्व चिंतेत पडते.

याच्या विरुद्ध टोकाला स्लाड. बेडकासारखे हे विशाल जीव निखळ स्वैरतेच्या लिंबो या लोकात राहतात. त्यांच्यात तांबडे, निळे, हिरवे, करडे अशी रंगानुसार श्रेणी असते. स्वैरतेच्या मूर्तिमंत अवतारांत इतकी शिस्तबद्ध उतरंड कशी, हा आक्षेप जुनाच आहे. पाचव्या आवृत्तीने त्याला उत्तर दिले. लिंबोला वळण लावण्यासाठी प्रायमसने तेथे एक शिळा धाडली आणि स्लाड हे त्या शिळेचे अनपेक्षित अपत्य ठरले.

स्लाड, गिथयांकी व गिथझेराय ही तिन्ही कुळे चार्ल्स स्ट्रॉस यांनी कल्पिली. पुढे विज्ञानकथाकार म्हणून प्रसिद्ध झालेले स्ट्रॉस त्या वेळी इंग्लंडमधील शाळकरी वयाचे खेळाडू होते. गिथयांकी १९७९ मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ या ब्रिटिश मासिकात आले आणि १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर झळकले. त्यांचे नाव जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या एका कादंबरीतून घेतलेले आहे. कधीकाळी हे लोक मन भक्षण करणाऱ्या माइंड फ्लेयर जीवांचे गुलाम होते. गिथ नावाच्या स्त्रीने बंड करून त्यांना मुक्त केले. मुक्त होताच पुढे काय करावे यावरून त्यांच्यात फूट पडली आणि गिथयांकी व गिथझेराय हे दोन समाज एकमेकांचे हाडवैरी झाले. नियमांच्या काटेकोर अर्थाने ते आउटसायडर या कोटीत मोडत नाहीत, तिसऱ्या आवृत्तीत त्यांची गणना मानवसदृशांत केली होती; परंतु परलोकांचा विचार त्यांना वगळून होत नाही. जन्मजात स्वभावाऐवजी इतिहासातून घडलेले म्हणून ते या सर्व मंडळीत अधिक मानवी वाटतात.

भारतीय नावे

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ मध्ये राक्षस आढळतात. या दुष्ट जीवांचा ठावठिकाणा पहिल्यांदा भारतात लागला, असे तेथे सांगितले आहे. डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेले त्यांचे चित्र आजही ओळखले जाते: वाघाचे मस्तक, अंगात उंची घरगुती कोट, हातात धूम्रपानाची नळी. त्यांचे तळहात उलटे असतात. ते समोरच्याच्या मनातील विचार वाचतात आणि त्याच्या विश्वासातील माणसाचे रूप घेऊन जवळ येतात. अभिमंत्रित बाणाने ते मरतात. हे तपशील रामायणातले नसून ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरचित्र मालिकेच्या डिसेंबर १९७४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या एका भागातून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या भागात शिकागोमधील एका वस्तीत राक्षस शिरतो आणि बळीला त्याच्या जिवलगाच्या रूपात दिसतो.

रूप पालटणे व नरमांस खाणे हे गुण मारीच आणि हिडिंब यांच्यापर्यंत मागे नेता येतात. वाघाचे तोंड व धूम्रनळी नाही. मूळ कल्पनेतून अधिक महत्त्वाची एक गोष्ट गळून पडली. भारतीय परंपरेत राक्षस किंवा असुर हा कुळवाचक शब्द आहे. कुळावरून नीतीचा निर्णय होत नाही. रावण हा पुलस्त्य ऋषींचा नातू, वेदांचा पंडित. त्याचाच भाऊ बिभीषण धर्मनिष्ठ. दैत्यकुळातील प्रल्हाद परमभक्त ठरला आणि त्याचा नातू बळी याचे राज्य पुन्हा यावे, अशी इच्छा महाराष्ट्रातील घरांत दिवाळीच्या पाडव्याला आजही व्यक्त केली जाते. या खेळातील राक्षस मात्र जन्मतः सुव्यवस्थित-दुष्ट असा शिक्का घेऊन येतो.

‘देव’ या शब्दाची कथा याहून वाकडी. या खेळात देव ही देवदूतांची श्रेणी आहे. म्हणजे जो शब्द आपण ईश्वरासाठी वापरतो तो तेथे ईश्वराच्या सेवकाचे पद झाला. २००९ च्या ‘प्लेअर्स हँडबुक २’ मध्ये देव हे खेळाडूने धारण करण्याजोगे कुळ बनले: मृत्यूनंतर पुन्हा प्रौढ देह घेऊन येणारे आणि सहस्र जन्मांच्या पुसट आठवणी वागवणारे. जो देव अधर्माकडे वळतो तो पुढील जन्मी राक्षस होतो, असेही तेथे सांगितले आहे. पुनर्जन्म आणि कर्मफल यांचा धागा अमेरिकी लेखकांनी येथे बऱ्याच समजुतीने विणला आहे. या खेळातील भारतीय उसनवारीचे हे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणता येईल.

मरुत हे तिसऱ्या आवृत्तीतील यंत्रजीव. मृत्यूला फसवून आयुष्य लांबवणाऱ्यांचा पाठलाग करणे हे त्यांचे काम. वेदांतील मरुत हे इंद्राचे सोबती, वादळाचे गण. येथे त्यांना यमदूतांची चाकरी देण्यात आली. त्यांच्या एका मुठीत गडगडाट आणि दुसरीत वीज असते, एवढीच काय ती वैदिक खूण शिल्लक आहे.

पौराणिक जीवांच्या उसनवारीपेक्षा अधिक नाजूक प्रश्न १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथाने निर्माण केला. त्यात ग्रीक व नॉर्स दैवतांच्या जोडीने इंद्र, अग्नी, काली, विष्णू, यम यांचीही प्रकरणे असून प्रत्येकाचे बल, संरक्षण व प्राणगुण अंकांत दिले आहेत. झ्यूसची पूजा आज क्वचितच होते. विष्णूची घरोघर होते. ज्या दैवताला अंक दिला ते दैवत खेळात मारता येते, हा त्याचा तर्कसंगत अर्थ होतो. पुढील आवृत्त्यांच्या मुख्य ग्रंथांत भारतीय दैवतांचा वापर बराच मागे पडला.

नावांवरून झालेला वाद

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेला उत्तेजन देत असल्याचा आरोप झाला. पुत्राच्या आत्महत्येला हा खेळ कारणीभूत झाला असे मानणाऱ्या एका मातेने १९८३ मध्ये त्याच्याविरुद्ध एक संघटना स्थापन केली. धार्मिक गट, वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी तो विषय उचलून धरला. डीमन व डेव्हिल यांची चित्रे आणि बायबलमधून आलेली नावे हा आरोपकर्त्यांचा मुख्य पुरावा होता.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून टीएसआरने हे दोन्ही शब्द काढून टाकले. टीएसआरचे जेम्स वॉर्ड यांनी फेब्रुवारी १९९० मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात या निर्णयाचे कारण मांडले, तेव्हा अनेक वाचक संतापले. १९९१ मध्ये हे जीव परत आले, पण डीमनांना ‘तनारी’, डेव्हिलांना ‘बाटेझू’ आणि देवदूतांना ‘आसिमॉन’ अशी नवी, कोणत्याही धर्मग्रंथात न सापडणारी नावे देऊन. दडपणाखाली केलेल्या या बदलाचा एक अनपेक्षित लाभ झाला. बायबलचे ओझे उतरल्यामुळे लेखकांना या कुळांसाठी स्वतंत्र इतिहास व समाजरचना कल्पाव्या लागल्या. रक्तयुद्ध ही त्याच काळाची देणगी आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतल्यानंतर आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द पुन्हा रुजू झाले आणि नवी नावे उपकुळांसाठी राहिली.

स्वभाव आणि निवड

तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत एक छोटे कलम आहे. दुष्ट उपकोटीतील अन्यलोकीय जीवाचा नैतिक कल पुढे बदलला तरी त्याची उपकोटी बदलत नाही. म्हणजे पश्चात्ताप पावलेला डीमन मनाने सज्जन झाला, तरी दुष्टांवर चालणारे मंत्र त्याला भाजतच राहतात. बहुधा नियमांतील गोंधळ टाळण्यासाठी लिहिलेल्या या ओळीत एक संपूर्ण शोकांतिका दडलेली आहे: मन पालटले, द्रव्य पालटले नाही.

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या ब्लॅक आइल स्टुडिओजने १९९९ मध्ये काढलेल्या संगणकखेळात ही शक्यता फॉल-फ्रॉम-ग्रेस या पात्राच्या रूपाने आली. ती सक्युबस, म्हणजे मोहिनी घालून प्राण शोषणारी डीमन आहे; तथापि ती संयमी आहे, सुव्यवस्था मानते आणि सिजिलमध्ये केवळ बौद्धिक संभाषणाची भूक भागवणारे एक गृह चालवते. तिच्या उलट दिशेचे उदाहरण झॅरिएलचे. रक्तयुद्धात उडी घेतलेली ही देवदूत नरकात अडकली आणि अखेर अ‍ॅव्हर्नसची अधिपती झाली. २०१९ च्या ‘डिसेंट इंटू अ‍ॅव्हर्नस’ या साहसकथेत तिचा उद्धार करायचा की नाही, हे खेळाडूंच्या हाती सोपवलेले आहे. नरकरक्ताचे टीफ्लिंग १९९४ मध्ये प्लेनस्केपमधून आले आणि २००८ पासून खेळाडूंच्या मूळ कुळांत गणले जाऊ लागले. रक्त एक आणि वृत्ती दुसरी, या ताणावरच त्यांची लोकप्रियता उभी आहे.

पुढील आवृत्त्या व इतर खेळ

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने महाचक्र मोडून नवी विश्वरचना आणली आणि आउटसायडर ही कोटी रद्द केली. डीमन महाभूतांच्या गोंधळातून उपजलेले ठरले, सक्युबस डेव्हिलांत गेली, एलाड्रिन वनदेवतांसारखे कुळ झाले. जुन्या खेळाडूंना हे रुचले नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने महाचक्र परत आणले. आउटसायडर ही कोटी मात्र परत आली नाही आणि तिच्यातील बहुतेक जीव स्वर्गीय, नारकी व महाभूतीय अशा कोटींत विभागले गेले.

राक्षसांना सर्वांत भरीव इतिहास दिला तो कीथ बेकर यांच्या २००४ मधील ‘एबेरॉन’ या विश्वाने. तेथे बंदिस्त पडलेल्या प्राचीन दुष्ट अधिपतींची सेवा राक्षस युगानुयुगे करत आहेत, आणि त्या अधिपतींना बांधून ठेवण्यासाठी पंखधारी सर्पांच्या एका संपूर्ण कुळाने आत्मबलिदान केलेले आहे.

पैझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या २००९ च्या खेळाने तिसऱ्या आवृत्तीचे मुक्त परवान्याखालील नियम स्वीकारले. स्लाड व गिथयांकी परवान्याबाहेर असल्याने स्वैरतेसाठी त्याने सर्पाकार प्रोटिअन निर्माण केले. २०११ च्या तिसऱ्या ‘बेस्टिअरी’ ग्रंथात असुर आणि इराणी परंपरेतील दिव ही दुष्ट कुळे आली. ‘दिव’ हा शब्द अवेस्तातील ‘दएव’ पासून आलेला, आणि तो आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊ. इराणी शाखेत त्याचा अर्थ अपदेवता असा उलटला. त्यामुळे एकाच धातूपासून निघालेले दोन शब्द या घराण्यातील खेळांत एकीकडे देवदूत आणि दुसरीकडे सैतान होऊन परस्परांवर शस्त्र उगारतात.

लेरियन स्टुडिओज या बेल्जियन कंपनीच्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या २०२३ मधील संगणकखेळाचा आरंभच अ‍ॅव्हर्नसच्या आकाशात होतो. गिथयांकी योद्धा लाएझेल आणि करारपत्र पुढे करणारा डेव्हिल राफाएल ही त्यातील पात्रे, मेजावरचा खेळ कधी न खेळलेल्या खेळाडूंपर्यंतही पोहोचली आहेत.